बाराचा दाब

धुळ्यात, गल्ली नंबर पाचच्या कोपऱ्यावर
आमचा सोड्याचा कारखाना होता.
कारखाना म्हणजे एक पडवी, एक सिलिंडर,
लोखंडी चौकटीत उलट्या बांधलेल्या बाटल्या
आणि हँडल फिरवणारे बाबा.
गॅस शिरला की गोटी आतून गळ्याशी येऊन बसे.
दाब किती, ते बाबा आवाजावरून सांगत.
एकदाच चुकले.
काच कपाळात. भुवई तिथून पुढे दोन तुकड्यांत उगवली.

आता मी ऑपरेशन थिएटरात.
सिलिंडर तसाच, राखाडी.
गॅसही तोच, फक्त जास्त निर्मळ, कागदपत्रांसकट.

टेबलावर सुपडाबाई बोरसे,
वय बावन्न, म्हसवे, तालुका पारोळा.
उजव्या कुशीवर. वर डावं मूत्रपिंड,
आत खडा, सांबराच्या शिंगासारखा फुटत गेलेला.
वारके सर सुई घेतात.
सुईच्या पोटात स्प्रिंग. टक्.
थोडं थांबून पुन्हा टक्.
मग सलाइनचा एक थेंब सुईच्या तोंडाशी:
आत ओढला गेला तर जागा बरोबर,
तिथेच डुलत राहिला
तर आपण भलत्याच घरात.
थेंब गेला.

जुने भामरे सर सुईला मानत नसत.
छोटा छेद, त्यात बोट, मगच नळी.
पाठीकडून जायचं असलं तर
हातमोज्याचं बोट कापून नळीला बांधत,
आत सरकवून फुगवत, आणि म्हणत,
जागा नसते रे. करावी लागते.

आधी एक लिटर, हळू.
मग बारावर.
एसटीत बाजाराच्या दिवशी बसावीत
तशी दाटीने बसलेली आतडी बाजूला सरकतात,
मधे एक अंगण होतं.
वारके सर त्यात उतरतात.

डोक्याशी तडवी मॅडम. त्या अंगण बघत नाहीत,
श्वासातून परत येणारा गॅस मोजतात.
अडतीस.
त्रेचाळीस.
एकावन्न.
मॅडम चादर उचलून गळ्याच्या हाडावर बोटं ठेवतात.
कुर्रर्र.
"बिबडे," त्या म्हणतात.
त्या यावलच्या. फडक्यात बांधलेलं वाळवण
बोटाखाली कसं वाजतं, ते त्यांना
कुठल्या कॉलेजात शिकावं लागलं नाही.
गॅस वाट चुकला होता,
कातडीखालून चालत गळ्यापर्यंत आला होता.
"सर, बंद."

मी तोटी सोडली. फुस्स.
पोट खाली बसलं.
शिरेत शिरला असता, तर बुडबुडा थेट हृदयात,
आणि छातीत पाणचक्की फिरल्यासारखा आवाज येतो म्हणतात.
मी ऐकलेला नाही.
मॅडमनी ऐकलाय, एकदा, नाशिकला.
त्याबद्दल त्या बोलत नाहीत.

मशीनचे श्वास बाराचे अठरा केले.
वारके सर हात छातीशी धरून उभे,
कुणी खोकलंसुद्धा नाही.
छप्पन्न. छप्पन्न.
परत छप्पन्न.
पन्नास.
चाळीस दिसल्यावर सर म्हणाले, दहावर घ्या.
मॅडम म्हणाल्या, आठ.
आठाच्या अंगणात कोपर हलत नाही.
तरी सव्वातीनला मूत्रपिंड ट्रेमध्ये होतं.

सकाळी वॉर्डात सुपडाबाई म्हणते,
"भाऊ, कापं कमरमा नि दुखस खांदा, हाई काय?"
मी सांगतो, मावशी, छातीच्या पडद्याखाली
थोडा गॅस राहिलाय. सोड्यात असतो तोच.
दोन दिवसांत तुमच्याच श्वासातून निघून जाईल.
ती पंख्याकडे बघत राहते.
गळ्यावर बोट ठेवलं की अजून कुरकुरतं,
ते तिला कळलंय; ठेवून बघते, पुन्हा ठेवते.
मग विचारते,
"निंबू टाकं व्हतं का?"

हसू नका, टाके दुखतील,
असं मीच हसत म्हणालो
आणि सिलिंडर बदलायला खाली गेलो.
नव्याची तोटी उघडताना
तोंड बाजूला केलं.
गरज नसते. इथे काच नाही.